‘घरची परिस्थिती’ मुलाच्या मनात कुठून शिरते?

नववीत असताना दर महिन्याच्या दहा तारखेनंतर आमच्या वर्गात शिपाईमामा एक कागद घेऊन यायचे. फी बाकी असलेल्यांची यादी. बाई तो कागद हजेरीपटावर ठेवून नावं वाचायच्या. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं आणि ‘कधी भरणार’ ते सगळ्या वर्गासमोर सांगायचं. माझ्या बाकावरचा मुलगा यादी यायच्या आधीच पाण्याच्या टाकीकडे सटकायचा. व्हरांड्यातल्या शिपाईमामांच्या चपलांचा आवाज त्याला आमच्याआधी ओळखू यायचा. दिवाळीनंतर त्याने मधल्या सुट्टीत खेळायला येणं सोडलं, मग डबा खाणं, मग बोलणं. सहामाहीचे दोन पेपर कोरे ठेवले. शाळेत सगळ्यांचं एकमत झालं की पोरगा आळशी झालाय, शिंगं फुटलीत. एक सर तेवढे म्हणाले, ‘घरची परिस्थिती आहे हो त्याची.’ तिथे विषय संपला.

‘परिस्थिती’ हा आपल्याकडचा मोठा सोयीचा शब्द. नुसतं ‘परिस्थिती नव्हती’ म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. पैसे नव्हते, जमीन नव्हती, बाप शिकलेला नव्हता, कुठे ओळख नव्हती. संशोधक ज्याला कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती म्हणतात ती हीच, फक्त ते तिला आकड्यांत बसवतात. या परिस्थितीचा आणि किशोरवयातल्या नैराश्याचा काही संबंध आहे का, असला तर तो कुठल्या वाटेने लागतो, यावर जगभर पुष्कळ काम झालं आहे. सरांनी जिथे विषय संपवला, तिथून ते सुरू होतं.

आधी मोजमापाचं बघू. महाराष्ट्रात परिस्थिती मोजायची घरगुती पट्टी म्हणजे रेशनकार्डाचा रंग: पिवळं, केशरी, पांढरं. वैद्यकीय संशोधनात शहरी कुटुंबांसाठी कुप्पुस्वामी यांनी १९७६ साली बनवलेली मोजपट्टी अजून वापरतात. कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि घरचं उत्पन्न यांना गुण द्यायचे, सात, दहा आणि बारा, असे जास्तीत जास्त २९. उत्पन्नाचे आकडे महागाईप्रमाणे अधूनमधून बदलून घेतात. या पट्टीत आई स्वतः कुटुंबप्रमुख नसेल तर तिच्या शिक्षणाला एकही गुण नाही. घरात मुलांच्या अभ्यासाकडे, तब्येतीकडे, तोंडाकडे बघणारी बहुतेक वेळा तीच असते, पण पट्टीत तिचा पत्ताच नाही.

युरोपात मुलांना वेगळे प्रश्न विचारतात, कारण बापाचा पगार किती हे तेराव्या वर्षी कुणालाच नीट माहीत नसतं. घरी गाडी आहे का, तुला स्वतंत्र खोली आहे का, कॉम्प्युटर किती, बाथरूम किती, भांडी धुवायचं मशीन आहे का. हीच प्रश्नावली जशीच्या तशी आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वाटली तर वर्गात हशा पिकेल आणि सगळी मुलं एकाच खान्यात जाऊन बसतील. शिवाय आपल्याकडे उत्पन्न सारखं असलं तरी जात सारखी नसते. महिना पंधरा हजार कमावणाऱ्या दोन घरांतली मुलं वसतिगृहात, वर्गात, मित्राच्या घरी पाण्याच्या माठाजवळ एकसारखी वागवली जातीलच असं नाही. परिस्थितीचा कुठलाही आकडा वाचताना, त्यात काय मोजलंय आणि काय सुटलंय हे आधी बघावं लागतं.

आता नैराश्य. ‘आज फार डिप्रेस वाटतंय’ हे वाक्य आता सातवीतली मुलंही मॅच हरल्यावर म्हणतात, त्यामुळे शब्द पातळ झालाय. डॉक्टर ज्याला नैराश्य म्हणतात त्यात निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असतं किंवा कशातच रस वाटत नाही. त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडते, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहतं, कधीकधी जगण्याचाच कंटाळा येतो. पौगंडावस्थेत यात एक मोठी फसगत आहे. या वयात उदासीच्या जागी चिडचिड दिसू शकते. मुलगा रडत नाही, दार आपटतो. मुलगी गप्प बसत नाही, उलट बोलते. कुणाचं डोकं दुखतं, कुणाचं पोट, आणि ते नेमकं शाळेच्या वेळेला. घरातले म्हणतात नाटकं करतोय, शाळा म्हणते वळण नाही. माझ्या बाकावरच्या मुलाला नैराश्य होतं का, हे मी आज सांगू शकत नाही, तसा अधिकारही मला नाही. कुणी विचारलंच नाही, एवढं मात्र मला नक्की आठवतं.

विचारायची साधनं आहेत. सगळ्यात जास्त वापरली जाते ती नऊ प्रश्नांची एक यादी. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘जवळपास रोज’ला तीन, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की लक्ष द्यायला हवं असं समजतात. इथे एक घोळ नेहमी होतो. अशी यादी शाळेत वाटून मिळालेला आकडा बातमीत ‘इतके टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त’ म्हणून छापून येतो. पण यादी ही चाळणी आहे, निदान नव्हे. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात वाटली तर अर्धा वर्ग चाळणीवर राहील. प्रशिक्षित माणसाने समोर बसवून मुलाखत घेतली की आकडा खाली येतो. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलामुलींचा असा अभ्यास केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुठलाही निदान करण्याजोगा मानसिक आजार असलेली मुलं निघाली १.८१ टक्के. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बारा राज्यांत केलेल्या पाहणीत, १३ ते १७ वयोगटासाठी हा आकडा ७.३ टक्के आला. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे आपल्याकडची भाषणं ऐकताना लक्षात ठेवलेलं बरं.

मग गरिबीचा संबंध किती? २०१३ साली जर्मनीतल्या फ्रान्सिस्का राइस यांनी वेगवेगळ्या देशांतले ५५ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की परिस्थितीने मागे असलेल्या मुलांना मानसिक त्रास होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट ते तिप्पट असते. दुप्पट-तिप्पट ऐकलं की आपण दचकतो आणि मग भलताच अर्थ काढतो. समजा, हा आकडा फक्त समजण्यापुरता, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या शंभर मुलांपैकी पाचांना हा त्रास आहे. मग तंगीतल्या घरांतल्या शंभरांपैकी दहा ते पंधरा जणांना असेल. म्हणजे तंगीतली पंच्याऐंशी तरी मुलं ठीक आहेत, आणि सुखवस्तू घरातली पाच ठीक नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. म्हणून ‘गरिबाघरचं पोर म्हणजे खचलेलंच असणार’ हे चूक, आणि ‘याला काय कमी आहे म्हणून हा उदास?’ हेही चूक.

पैशाची चणचण मुलाच्या मनापर्यंत पोचते कशी, याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून आलं. मक्याचं आणि डुकरांचं आयोवा. १९७० च्या दशकात शेतमालाला भाव होता, जमिनीच्या किमती चढत होत्या, बँका बोलावून बोलावून कर्ज देत होत्या. मग व्याजदर भडकले, निर्यात पडली, आणि १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत तिथल्या शेतजमिनीची किंमत जवळजवळ ६३ टक्क्यांनी कोसळली. ज्या जमिनीवर कर्ज घेतलं होतं तिची किंमत कर्जापेक्षा कमी झाली. शेतं लिलावात निघाली, गावातली दुकानं बंद पडली. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला यात नवीन काही वाटू नये.

त्या पडझडीनंतर, १९८९ साली, रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या दोघांनी तिथल्या ४५१ कुटुंबांचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक घरात सातवीतलं एक मूल. संशोधक वर्षानुवर्षं या घरांत जात राहिले. नुसते फॉर्म भरून घेतले नाहीत. आईबाप आणि मुलांना एकत्र बसवून घरातल्या एखाद्या वादाच्या विषयावर बोलायला सांगायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचे. कोण कुणाला तोडून बोलतं, कोण मान फिरवतं, कुणाचा आवाज चढतो, सगळं मोजायचे.

निघालं ते असं. उत्पन्न घटलं म्हणून मूल थेट उदास होत नाही. आधी रोजच्या जगण्यात ओढाताण सुरू होते: हे बिल भरायचं की ते, दवाखाना आज की पुढच्या महिन्यात. त्या ओढाताणीने आईबाप खचतात, चिडतात. मग नवराबायकोत खटके उडतात. खटके उडाले की मुलांशी वागणं बदलतं, लक्ष कमी होतं आणि बोलणं कडवट. मुलाच्या मनावर ओरखडा उमटतो तो या शेवटच्या पायरीवर. याला त्यांनी कौटुंबिक ताणाची साखळी असं रूप दिलं, आणि पुढे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या समाजांत ती पुन्हा पुन्हा तपासली गेली. तपशील बदलतात, साखळी बऱ्यापैकी टिकते.

आपल्याकडचं रूप डोळ्यांसमोर आणायला फार कष्ट नकोत. सोयाबीन घालून आलेला बाप घरात शिरतो. भाव काय मिळाला ते कुणी विचारत नाही, पिशवी ठेवायच्या आवाजावरून कळतं. आई चहा ठेवते. पोरगी विचारते, ‘बाबा, सहलीचे पैसे उद्या शेवटचे आहेत.’ उत्तर येतं, ‘तुमच्यासाठीच मरमर मरतोय ना?’ सहल राहिली हे पोरगी आठवड्यात विसरते. ‘तुमच्यासाठीच’ हा शब्द मात्र आत जाऊन बसतो. आपण या घरावरचा खर्च आहोत, असा त्याचा अर्थ ती लावते. वय असं असतं की ती तो कुणाला सांगतही नाही.

बाप वाईट असतो असं यात कुठेही नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक प्रयोग २०१३ साली गाजला. तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर बिल मिळाल्यावर, त्याच शेतकऱ्यांना त्याच प्रकारची कोडी दिली. पैसा आल्यावर त्यांनी ती जास्त चांगली सोडवली. माणूस तोच, डोकं तेच, पण आधी त्या डोक्यातली अर्धी जागा उधारीच्या हिशेबाने व्यापलेली. या संशोधनातल्या काही भागांवर पुढे वाद झाला, तोही व्हायला हवाच होता. पण पगार पंधरा तारखेला संपलेल्या घरात राहिलेल्या माणसाला मुद्दा पटायला प्रयोगाची गरज पडत नाही.

इथे चौकस वाचक विचारेल, उलटं कशावरून नाही? आईबापाला आधीच नैराश्य असेल, म्हणून त्यांची नोकरी टिकली नसेल, म्हणून गरिबी आली असेल, आणि मुलाला नैराश्याची ठेवण त्यांच्याकडूनच मिळाली असेल. प्रश्न अगदी रास्त आहे. गरिबी आणि आजार बरोबर दिसतात म्हणून एकाने दुसरं घडवलं असं होत नाही. याचा निकाल लावायचा तर काही घरांना, त्यांचा गुण-दोष न बघता, अचानक पैसे मिळायला हवेत. असं एकदा खरंच घडलं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात १९९३ पासून जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी १,४२० मुलांची दरवर्षी तपासणी करत होते. त्यातली साधारण पाव मुलं चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीची. अभ्यास मध्यावर असताना जमातीच्या जमिनीवर जुगाराचा मोठा अड्डा, म्हणजे कसिनो, उघडला आणि त्याच्या नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येक माणसाला मिळू लागला. काम करो न करो, दारू पिवो न पिवो, प्रत्येकाला. शेजारच्या गोऱ्या गरीब घरांना काही नाही. संशोधकांना ठरवूनही जमलं नसतं असा प्रयोग आयताच चालून आला.

२००३ साली त्यांनी निकाल मांडला. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांची मारामारी, उद्दामपणा, चोऱ्यामाऱ्या हे सगळं उतरलं, कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आलं. कारण शोधल्यावर हाती लागलं ते साधंच होतं. आईबापांना मुलांकडे बघायला वेळ मिळू लागला होता. पण चिंता आणि नैराश्य? त्यात फारसा फरक पडला नाही.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खट्टू झालो होतो. आता तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पैसे आल्याने घरातला आवाज खाली येतो, पण उदासीची मुळं आणखी कुठे कुठे असतात, आणि वेळही लागतो. त्याच मुलांकडे मोठेपणी पुन्हा बघितलं तेव्हा, कसिनो उघडला त्या वेळी जी सगळ्यात लहान होती, म्हणजे ज्यांच्या बालपणाचा जास्त काळ त्या पैशांत गेला, त्यांच्यात मानसिक आजार कमी होते, मुख्यतः दारू आणि गांजाचे. इंडोनेशियातून आलेला पुरावा तर जास्तच थेट आहे. तिथे गरीब कुटुंबांना सरकारने ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केल्यावर आत्महत्यांचं प्रमाण साधारण १८ टक्क्यांनी घटलं. पाऊस कमी झाला की आत्महत्या वाढायच्या, आणि ज्या भागात ही रक्कम पोचली होती तिथे पावसाचा हा फटका सौम्य झाला. म्हणजे पैशाने काही होत नाही, हे म्हणणंही सोडून द्यावं.

पैशाने न सुटणारा भाग कोणता, याचा एक धागा ‘शिडी’च्या प्रश्नात सापडतो. दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र काढून किशोरवयीन मुलांना विचारतात, समाजात तुझं घर कुठल्या पायरीवर आहे? मग दुसरी शिडी, शाळेत तू कुठल्या पायरीवर? शाळेतली शिडी म्हणजे मान, मित्र, मार्क, सगळं धरून. २००१ साली अमेरिकेत दहा हजारांहून जास्त मुलांना ही चित्रं दाखवली, आणि मुलाने स्वतःला जितकं खाली बसवलं तितकी नैराश्याची लक्षणं जास्त, असं आढळलं. मुलाला घरचं उत्पन्न ठाऊक नसतं. आपली पायरी त्याला बरोबर ठाऊक असते. रविवारच्या क्लासबाहेर कोण स्कूटीवरून येतं आणि कोण एसटी स्टँडवरून चालत, हे त्याला पाठ असतं. मोबाईलमुळे ही शिडी आता घरात, उशाशी आली आहे. फीची यादी वर्गात मोठ्याने वाचणं म्हणजे रुपये वसूल करणं असं शाळेला वाटत असतं. प्रत्यक्षात चाळीस जणांसमोर एकाला कितव्या पायरीवर उभं राहायचं ते दाखवून दिलेलं असतं.

शिडीमुळे दुसरंही एक कोडं सुटतं, पैसेवाल्या घरांतल्या मुलांचं. भारतात जन्मलेल्या सुनिया लूथर यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या श्रीमंत उपनगरांतली मुलं अभ्यासली. अपेक्षा होती की ती गरीब वस्तीतल्या मुलांपेक्षा निवांत असतील. निघालं उलटं: व्यसनं जास्त, आणि मुलींमध्ये नैराश्याची लक्षणं नेहमीच्या प्रमाणाहून वर. कारणं म्हणून त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं, यशाचा अखंड दबाव आणि आईबापांशी तुटलेपण. आपल्याकडे हा दबाव श्रीमंतांपुरता राहिलेलाच नाही. लातूरला किंवा कोट्याला मुलाला ठेवायचं म्हणून एखादा एकर विकणारं घर श्रीमंत नसतं, पण दबाव श्रीमंताघरचा आणि तंगी गरिबाघरची, असं दोन्ही त्या मुलाच्या ताटात पडतं. नापास झालं तर एकटं मूल नापास होत नाही, ते एकरही गेलेलं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर होता, १,७६४. प्रत्येक घटनेमागे नैराश्यच असतं असं नाही आणि परिस्थितीच असते असंही नाही. पण हा आकडा डोळ्यांआड करून या विषयावर लिहिता येत नाही.

गोव्याच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर केला, त्यात मानसिक आजाराशी कशाकशाचा संबंध दिसला ती यादी बघण्यासारखी आहे: अभ्यास न जमणं, राहत्या भागात असुरक्षित वाटणं, मारहाण किंवा शिवीगाळ सोसलेली असणं, तंबाखू. मुलगी म्हणून घरात दुय्यम वागणूक मिळालेल्या मुलींमध्ये प्रमाण जास्त. पार्ट्या, मजेखातर खरेदी, बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड अशा नव्या वळणाच्या राहणीशीही संबंध दिसला, आणि त्यावरून काहींनी लगेच ‘बघा, संस्कार’ असा सूर लावला असेल, पण त्या राहणीने आजार येतो की त्रासात असलेलं मूल घराबाहेर पळतं, हे अशा एकाच वेळी केलेल्या पाहणीतून सांगता येत नाही. मला त्यातली एक ओळ जास्त महत्त्वाची वाटते. अडचणीत सगळ्यात आधी घरच्यांकडे जाणाऱ्या मुलांमध्ये प्रमाण कमी होतं. आयोवाची साखळी उलट बाजूने वाचली तर हेच निघतं.

म्हणून मुलाचं नैराश्य अडवायचं तर कधीकधी आईबापाचं नैराश्य आधी बघावं लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत २०११ नंतर राबवलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तो उपक्रम मोठ्यांसाठी होता. पण ज्या घरात बाप पुन्हा जेवायला बसू लागला, त्या घरातल्या मुलांना काहीच मिळालं नाही, असं कोण म्हणेल?

आणि शाळा? इथे सगळ्यात भक्कम पुरावा बिहारमधला आहे, हे अनेकांना खरं वाटत नाही. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या तीन गटांत वाटल्या. एका गटात नेहमीचाच कार्यक्रम. दुसऱ्यात शिक्षकांना प्रशिक्षण देऊन मुलांचं मानसिक आरोग्य त्यांच्यावर सोपवलं. तिसऱ्यात हेच काम बाहेरून नेमलेल्या एका ‘मित्रा’कडे दिलं. हा मित्र मानसशास्त्राचा पदवीधर वगैरे नव्हता, आसपासचाच शिकलेला तरुण किंवा तरुणी. परिपाठाला बोलायचं, भित्तिपत्रक चालवायचं, मुलांचा गट बांधायचा, एक पेटी ठेवायची जिच्यात कुणीही आपली अडचण चिठ्ठीवर लिहून टाकावी, आणि ज्याला बोलायचंय त्याच्याशी बसून बोलायचं. आठ महिन्यांनी नववीच्या मुलांना विचारलं. मित्र असलेल्या शाळांत नैराश्याची लक्षणं कमी, दादागिरी कमी, मारहाण कमी, आणि शाळा आपली वाटते म्हणणारी मुलं जास्त. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत काहीच फरक नाही. २०१८ साली हा निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढच्या वर्षी पुन्हा बघितलं तर मित्राच्या शाळांतला फरक वाढलेला होता.

शिक्षक कमी पडले असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब हे सगळं सांभाळून साठ मुलांना शिकवणाऱ्या माणसाने समुपदेशकही व्हावं, ही अपेक्षाच मला निर्दयी वाटते. दुसरं कारण मुलांच्या बाजूचं. ज्याच्या हातात मार्क, हजेरी आणि फीची यादी आहे, त्याच्यापाशी ‘घरी वडील पितात’ असं कोण बोलेल? त्या ‘मित्रा’च्या हातात यादी नव्हती. माझ्या मते त्याचं अर्धं यश तिथेच होतं.

शाळांना फुकटात करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. फीबद्दल मुलाशी बोलायचंच नाही, पालकांना बंद पाकिटातून किंवा फोनवर कळवायचं. शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात हात वर करायला लावून वाटायचे नाहीत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत रांग लावायला परीक्षेच्या दिवशी मुलालाच जावं लागू नये, एवढं तारखांचं भान ठेवायचं.

घरात मात्र गुपचूप राहून चालत नाही. पैशाची अडचण मुलांपासून लपवायची अशी आपल्याकडे पद्धत आहे, पण भिंती पातळ असतात. मुलांना आकडा कळत नाही, भीती कळते, आणि उरलेलं ती स्वतः रचतात, बहुधा स्वतःला दोषी धरून. ‘या वर्षी पीक गेलंय, सहल जमणार नाही, यात तुझा काही दोष नाही, पुढच्या महिन्यात क्लासची फी कशी भरायची ते मी आणि आई बघतोय’ इतकं सरळ बोललेलं दहावीतल्या मुलाला झेपतं. ‘तुमच्यासाठीच मरतोय’ हे मात्र कुठल्याही वयात झेपत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल बदललेलं दिसत असेल, झोप उलटीपालटी झाली असेल, आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील, तर थांबू नये. जगण्याचा कंटाळा आल्याचं नुसतं सुचवलं तरी तो विषय टाळू नये, सरळ विचारावं. विचारल्याने डोक्यात नसलेली कल्पना शिरते हा गैरसमज आहे. त्या वेळी त्याला एकटं सोडू नये. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांची ओपीडी असते. सौम्य त्रासात बहुधा बोलण्याचे उपचार पुरतात. गोळ्या लागल्या तर त्या मानसोपचारतज्ज्ञांच्याच देखरेखीखाली घ्यायच्या आणि मनाने बंद करायच्या नाहीत. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. फोन मुलानेच करायला हवा असं नाही. बाकावर शेजारी बसणाराही करू शकतो.